प्रबंधातून शोधनिबंध: उच्च शिक्षणाच्या शोधपत्रिकेकडे लेख पाठवण्यापूर्वी

बीड जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणाऱ्या साहाय्यक प्राध्यापिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ऊसतोड कामगारांच्या कुटुंबांतून आलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांची गळती या विषयावर त्यांची पीएच.डी. पूर्ण झाली असून त्या कामातून उच्च शिक्षणाच्या एखाद्या चांगल्या शोधपत्रिकेसाठी त्यांना लेख तयार करायचा आहे. पत्रिका कशी निवडावी, लेख मराठीत लिहावा की इंग्रजीत, पैसे मागणाऱ्या पत्रिकांचे काय करावे, समीक्षकांच्या शेऱ्यांना उत्तर कसे द्यावे आणि मार्गदर्शकांचे नाव सहलेखक म्हणून घालावे का, असे त्यांनी विचारले आहे. लेखक, समीक्षक आणि काही काळ संपादक मंडळाचा सदस्य अशा तिन्ही बाजूंनी मी हे काम केले आहे, त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहितो.

आपण पत्रिकेच्या निवडीपासून सुरुवात केली आहे, परंतु त्याआधी आपल्या प्रबंधातील नेमके कोणते एक विधान वाचकासमोर ठेवायचे हे ठरले पाहिजे. आपल्याकडील प्रबंधाचा साचा ठरलेला असतो: प्रस्तावना, संबंधित साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, विश्लेषण, निष्कर्ष आणि शिफारशी. उमेदवाराने काय वाचले, काय मोजले आणि कसे मोजले हे परीक्षकांना पाहायचे असते, म्हणून तिथे सर्व काही दाखवावे लागते. शोधपत्रिकेच्या वाचकाला मात्र एका प्रश्नाचे उत्तर हवे असते आणि त्या उत्तरासाठी लागेल तेवढाच पुरावा हवा असतो. प्रबंधाचे चौथे प्रकरण उचलून त्याला वर दोन पाने प्रस्तावना आणि खाली दहा शिफारशी जोडल्या, की लेख झाला असे समजून पाठवलेले लिखाण संपादकाकडे सतत येते आणि बहुतेक वेळा समीक्षकापर्यंत न जाताच परत जाते.

आपल्याच विषयाचे उदाहरण घेऊ. ‘ऊसतोड कामगारांच्या पाल्यांच्या उच्च शिक्षणातील समस्या’ या शीर्षकाखाली काहीही बसू शकते, म्हणून त्यातून लेख उभा राहत नाही. आता असे पाहा: गाळपाचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. सत्र पद्धतीतील पहिल्या सत्राच्या परीक्षा आणि दुसऱ्या सत्राचे जवळजवळ सगळे अध्यापन याच काळात येते. उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेल्या आईवडिलांबरोबर जाणारा मुलगा, किंवा लहान भावंडे आणि म्हातारी माणसे सांभाळायला गावात मागे राहिलेली मुलगी, या दोघांचे महाविद्यालय नेमके त्याच महिन्यांत सुटते. परीक्षेचे वेळापत्रक संलग्न महाविद्यालयाच्या हातात नसते, ते विद्यापीठ ठरवते. म्हणजे गळतीचे एक कारण कुटुंबाच्या गरिबीइतकेच संलग्नतेच्या व्यवस्थेत आणि तिच्या वर्षभराच्या आखणीत आहे, असे विधान आपल्याला करता येईल का, आणि आपल्याजवळच्या पुराव्यावर ते टिकेल का, हे तपासा. टिकत असेल, तर हा लेख केवळ बीडपुरता राहत नाही. हंगामी स्थलांतर असणाऱ्या कोणत्याही प्रदेशातील विद्यापीठाचा अभ्यासक तो वाचेल.

हे विधान आधीपासून चालू असलेल्या चर्चेत कुठे बसते, ते दाखवणे ही पुढची पायरी. विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात, या प्रश्नावर उच्च शिक्षणाच्या अभ्यासात जवळजवळ पन्नास वर्षांची चर्चा आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात विद्यार्थी महाविद्यालयाच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनात किती मिसळतो, याला मध्यवर्ती स्थान आहे. घरून ये-जा करणारे, कामे करून शिकणारे किंवा वंचित समाजांतून आलेले विद्यार्थी या प्रतिमानात नीट बसत नाहीत, अशी टीका त्यावर पुढे झाली. आपला विद्यार्थी तर वर्षातले चार-पाच महिने जिल्ह्यातच नसतो. त्याच्या अनुभवाने या प्रतिमानाचा कोणता भाग टिकतो आणि कोणता उलटतो, हे आपण दोन परिच्छेदांत सांगितले, तर समीक्षकाला लेखाचे महत्त्व लगेच कळते. साहित्याचा आढावा म्हणजे ‘अमुक यांनी तमुक साली असे म्हटले’ अशा वाक्यांची रांग, ही आपल्याकडची सवय मोडायला हवी. जे अभ्यास आपल्या विधानाला आधार देतात, आव्हान देतात किंवा अपुरे ठरतात, तेवढेच घ्यावेत आणि त्यांच्याशी आपले नाते स्पष्ट लिहावे.

मराठवाड्यातून येणाऱ्या लेखांबद्दल एक सूचना आवर्जून करतो. १९४८ चा मुक्तिसंग्राम, त्याआधीचे उस्मानिया विद्यापीठाचे क्षेत्र, १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला सुरू केलेले महाविद्यालय, १९५८ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आणि १९९४ मधील नामविस्तार हा सगळा क्रम अनेक लेखांत सुरुवातीलाच दोन-तीन पाने घेतो. हा इतिहास मला अतिशय जवळचा आहे आणि तो नव्या पिढीला माहीत असलाच पाहिजे. तरीही लेखाच्या विधानाला त्याची गरज नसेल, तर तो तिथे ठेवू नये. उलट मुकादम म्हणजे मजुरांची टोळी पुरवणारा मध्यस्थ, उचल आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, या गोष्टी आपल्याला इतक्या परिचित असतात की आपण त्या समजावतच नाही आणि बाहेरचा वाचक तिथेच अडखळतो. त्यांच्यासाठी चार-पाच वाक्ये खर्च करावीत. महाविद्यालय अनुदानित असण्याचा आणि संलग्न असण्याचा अर्थही सांगावा.

पुराव्याच्या बाबतीत मी थोडा कठोर आहे, कारण आपल्या भागातील कितीतरी चांगले विषय इथे वाया गेलेले मी पाहिले आहेत. आपल्या प्रबंधात प्रश्नावली कधी आणि कुठे भरून घेतली, हे पुन्हा पाहा. जानेवारीत वर्गात हजर असलेल्या विद्यार्थ्यांकडून ती भरून घेतली असेल, तर तोडीला गेलेले विद्यार्थी नमुन्यात आलेलेच नाहीत. मग ज्यांच्याविषयी लेख आहे, तेच त्यात नाहीत. अशा नमुन्याला ‘यादृच्छिक’ म्हटले तर जाणता समीक्षक तिथेच थांबेल. यावर उपाय आहे. प्रवेश नोंदवही, परीक्षा अर्ज, हजेरीपट आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यांची नोंद यांवरून प्रथम वर्षाच्या एका तुकडीचा माग तीन वर्षे काढता येतो, आणि कारखाना बंद होऊन लोक गावी परतल्यावर मे-जूनमध्ये काही घरी जाऊन मुलाखती घेता येतात. हे काम कष्टाचे आहे, पण गावाची, भाषेची आणि कुटुंबांची ओळख असलेल्या शिक्षकाला ते जमते, आणि दूरच्या मोठ्या विद्यापीठातील संशोधकाला ते सहजी जमत नाही.

गळती मोजतानाही काळजी घ्यावी. यंदाच्या द्वितीय वर्षाची पटसंख्या गेल्या वर्षीच्या प्रथम वर्षाच्या पटसंख्येतून वजा करून आलेल्या आकड्याला गळती म्हणता येत नाही, कारण त्यात दुसऱ्या महाविद्यालयात गेलेले, नापास होऊन थांबलेले आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्याने सोडून गेलेले असे सगळे मिसळलेले असतात. राष्ट्रीय आकडेवारीबाबतही असेच सावध राहावे लागते. केंद्र शासनाच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०१९-२० च्या अहवालात सकल नोंदणी प्रमाण, म्हणजे १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येशी उच्च शिक्षणातील एकूण विद्यार्थ्यांचे प्रमाण, २७.१ टक्के दिले होते. त्यासाठीचा लोकसंख्येचा अंदाज २००१ च्या जनगणनेवर आधारलेला होता. पुढील अहवालापासून २०११ च्या जनगणनेवर आधारित अंदाज वापरले गेले आणि त्या हिशेबाने २०१९-२० चेच प्रमाण २५.६ टक्के झाले. २०२१-२२ चे २८.४ टक्के हे प्रमाण या नव्या मालिकेतील आहे. जुन्या अहवालातील २७.१ आणि नव्या अहवालातील २८.४ शेजारी ठेवून वाढ काढणारे लेख माझ्याकडे समीक्षणासाठी आले आहेत. आकडा कुठून आला आणि कशाने भागला, हे न पाहता तो उचलू नये.

आता पत्रिकेची निवड. राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन आणि प्रशासन संस्था म्हणजे ‘नीपा’ प्रसिद्ध करते ते ‘जर्नल ऑफ एज्युकेशनल प्लॅनिंग अँड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ आणि केरळ राज्य उच्च शिक्षण परिषदेचे ‘हायर एज्युकेशन फॉर द फ्युचर’ या दोन भारतीय पत्रिका आपल्या विषयाला जवळच्या आहेत. भारतीय विद्यापीठ संघाचे ‘युनिव्हर्सिटी न्यूज’ हे साप्ताहिक तुलनेने छोट्या, धोरणविषयक लेखांसाठी योग्य आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९७२ पासून निघणारे ‘हायर एज्युकेशन’ आणि १९७६ पासूनचे ‘स्टडीज इन हायर एज्युकेशन’ ही नामांकित नावे आहेत. तिथे स्पर्धा तीव्र असते, पण विधान भक्कम असेल तर बीडचा विषय आहे म्हणून लेख नाकारला जाईल असे समजू नये. ज्या पत्रिकेचा विचार आहे, तिचे गेल्या तीन वर्षांतील अंक चाळून आपल्या प्रश्नाशी संबंधित निदान तीन-चार लेख पूर्ण वाचावेत. असे लेख सापडलेच नाहीत, तर पत्रिका चुकली आहे. शासकीय संस्थांना १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून तीस प्रकाशकांची हजारो नियतकालिके वाचता येतात. आपल्या महाविद्यालयात ही सोय नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात जावे, ग्रंथपाल नक्की मदत करतात.

पैसे मागणाऱ्या पत्रिकांविषयी माझे मत स्पष्ट आहे. नामांकित मुक्तप्रवेश (वाचकांना विनामूल्य असलेल्या) पत्रिकाही प्रक्रिया शुल्क घेतात, त्यामुळे शुल्क आहे एवढ्यावरून पत्रिका खोटी ठरत नाही. मात्र लेख पाठवल्यावर आठवड्याच्या आत ‘स्वीकृत’ असे पत्र येत असेल, समीक्षकांचे एकही वाक्य सोबत नसेल, व्हॉट्सअ‍ॅपवर शुल्काचा क्यूआर कोड येत असेल आणि त्याच अंकात सोयाबीनवरील बुरशीपासून संतसाहित्यापर्यंत सारे छापलेले असेल, तर तिथे एक रुपयाही देऊ नये. आयएसएसएन हा केवळ ओळखीचा आठ अंकी क्रमांक आहे, त्याचा गुणवत्तेशी संबंध नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये आपल्याच मान्य यादीतून चार हजारांहून अधिक पत्रिका वगळल्या, २०१९ मध्ये ‘यूजीसी केअर’ ही मान्य पत्रिकांची नवी यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही थांबवून पत्रिका पारखण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर सोपवली. म्हणून पदोन्नतीसाठी कोणते निकष धरले जातील, हे आपल्या महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडून (आयक्यूएसी) आणि विद्यापीठाकडून आधीच लेखी घ्यावे. पीएच.डी.च्या प्रबंधापूर्वी लेख छापून आणण्याची सक्तीही आयोगाच्या २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. आपल्या विद्यार्थ्यांना हे जरूर सांगा, कारण या सक्तीच्या भीतीपोटी शिष्यवृत्तीचे पैसे अशा पत्रिकांना दिलेली मुले मी पाहिली आहेत आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

भाषेचा निर्णय वाचक कोण, यावरून करावा. आपले विधान विद्यापीठीय व्यवस्थेविषयी आहे, म्हणून हा लेख इंग्रजीत लिहावा असे मी सुचवेन. त्याच पुराव्यावर आधारलेला, पण ऊसतोड मजुरांच्या संघटना, प्राचार्य आणि संस्थाचालक यांना उद्देशून लिहिलेला वेगळा मराठी लेखही अवश्य लिहावा. एकच लेख दोन भाषांत छापायचा असेल तर दोन्ही संपादकांना कळवून त्यांची परवानगी घ्यावी लागते आणि लेखात तसा उल्लेख करावा लागतो. इंग्रजीची भीती बाळगू नये. संपूर्ण युक्तिवाद आधी मराठीत परिच्छेदागणिक मांडावा आणि मग छोट्या, सरळ इंग्रजी वाक्यांत लिहावा. भाषेसाठी यंत्राची मदत घेतली तर पत्रिकेच्या नियमानुसार ती जाहीर करावी, आणि प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहावा, कारण ही साधने अस्तित्वात नसलेले संदर्भही बिनचूक दिसतील असे तयार करून देतात. मुलाखतींतील वाक्ये मात्र मूळ मराठीत जपून ठेवा आणि त्यांचे भाषांतर स्वतः करा. बीडच्या मुलीच्या बोलण्यातला ताण यंत्राच्या इंग्रजीत हरवतो.

विद्यार्थ्यांची ओळख लपवणे म्हणजे फक्त नाव बदलणे, असा एक समज आहे. ‘डोंगरपट्ट्यातील तालुक्याच्या गावाचे एकमेव वरिष्ठ महाविद्यालय’ आणि ‘तृतीय वर्षातील अमुक जातीची विवाहित विद्यार्थिनी’ एवढे लिहिले, की गावातला कोणीही तिला ओळखतो. आपण तिथेच शिकवता, ती आपली विद्यार्थिनी आहे, त्यामुळे तिने दिलेली संमती किती मोकळेपणाने दिली होती हेही लेखात प्रामाणिकपणे नोंदवावे. महाविद्यालयात नैतिकता समिती नसेल तर विद्यापीठाच्या समितीची मंजुरी होती का ते सांगावे, आणि नसेल तर संमती कशी घेतली त्याची पद्धत तपशिलाने लिहावी.

प्रत्यक्ष सादरीकरणाचे नियम प्रत्येक पत्रिकेच्या सूचनांत असतात: शब्दमर्यादा, गोषवारा, बीजशब्द, संदर्भांची शैली. ते अक्षरशः पाळावेत. दोन गोष्टी मात्र नेहमी राहून जातात. समीक्षकांसाठीच्या अनामिक प्रतीतून नाव काढले तरी वर्ड फाइलच्या गुणधर्मांत आणि ‘माझ्या पूर्वीच्या अभ्यासात’ अशा वाक्यांत लेखक दिसतच राहतो. दुसरे म्हणजे प्रबंध ‘शोधगंगा’ या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर असल्याने साम्य तपासणीत मोठे साम्य दिसू शकते. लेख प्रबंधावर आधारित आहे हे संपादकांना लिहिलेल्या पत्रात पहिल्या परिच्छेदातच सांगावे, आणि मजकूर तरीही नव्याने लिहावा. आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नसला, तरी ‘दहा टक्के चालते’ असा त्याचा अर्थ घेऊ नये. एकाच वेळी दोन पत्रिकांकडे लेख पाठवू नये, हेही लक्षात असू द्या.

समीक्षकांचे अहवाल आले, की पहिल्या दिवशी उत्तर लिहायला बसू नये. ते वाचून बाजूला ठेवावेत. ‘मोठ्या दुरुस्त्या’ असा निर्णय आला तर ती चांगली बातमी समजावी, कारण संपादकाने दार बंद केलेले नाही. नंतर प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून त्याखाली आपले उत्तर आणि लेखात कुठल्या पानावर काय बदल केला ते लिहावे. समीक्षकाला मुद्दा समजला नसेल, तर बहुधा आपण तो नीट मांडलेला नसतो. तो परिच्छेद पुन्हा लिहावा आणि समीक्षकाचे आभार मानावेत. मात्र प्रत्येक सूचना मान्य करण्याचे बंधन नाही. ‘नमुना लहान आहे, राज्यभर सर्वेक्षण करा’ असे कोणी लिहिले, तर आपण एका तुकडीचा तीन वर्षांचा माग काढला आहे, त्यातून प्रक्रिया दिसते आणि राज्यभराच्या सर्वेक्षणातून ती दिसली नसती, असे कारणांसह नम्रपणे सांगता येते. संपादक असे उत्तर आदराने वाचतात. दोन समीक्षक परस्परविरोधी सांगत असतील तर कोणता मार्ग घेतला आणि का, ते संपादकांना उद्देशून लिहावे. नकारच आला, तर अहवालातील उपयोगी सूचना वापरून लेख सुधारावा आणि मगच पुढच्या पत्रिकेकडे पाठवावा. त्याच विषयाचे समीक्षक मोजकेच असतात आणि न बदललेला लेख पुन्हा त्याच व्यक्तीकडे येण्याची शक्यता बरीच असते. या सगळ्याला काही महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो, म्हणून पदोन्नतीच्या तारखेला चिकटवून लेख पाठवू नये.

शेवटी मार्गदर्शकांच्या नावाचा प्रश्न. आपल्याकडे मार्गदर्शकांचे नाव आदर म्हणून घालण्याची रीत आहे, आणि त्या आदराबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु लेखकत्व म्हणजे जबाबदारी असते: अभ्यासाची आखणी, माहितीचे विश्लेषण किंवा लेखनात ठोस वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि उद्या कोणी आकड्यांवर शंका घेतली तर उत्तर देण्याची तयारी. सरांनी प्रश्न घडवण्यात आणि विश्लेषणात खरोखर वाटा उचलला असेल व ते हा नवा मसुदा वाचून त्यात सहभागी होणार असतील, तर ते सहलेखक आहेत आणि क्रमाने आपले नाव आधी यावे. त्यांची मदत प्रबंधाच्या मार्गदर्शनापुरती असेल, तर ऋणनिर्देशात त्यांचा कृतज्ञतेने आणि नेमका उल्लेख करावा. प्राचार्य किंवा संस्थेचे पदाधिकारी यांची नावे केवळ पदामुळे घालू नयेत. लेख दाखल झाल्यावर लेखकांची नावे किंवा क्रम बदलायचा असेल तर सर्वांच्या लेखी संमतीसह संपादकांना कारण द्यावे लागते, म्हणून मसुदा तयार होताच तो घेऊन सरांना भेटा, कोणी काय काम केले ते एका कागदावर मांडा, दोघांच्या संमतीने क्रम ठरवा आणि त्यानंतरच लेख दाखल करा.